विश्वाला वेस असते का?
(नारळीकरांच्या तीन कथा, लायडनच्या बाजूने वाचताना)

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर माझ्या हाती जे मराठी लेख आले, त्यांतल्या बहुतेकांत एक वाक्य ठरलेले होते : त्यांनी मराठी माणसाचे आकाशाशी नाते जोडले. त्यांच्याच एका पुस्तकाचे नाव 'आकाशाशी जडले नाते' असल्याने मथळा शोधण्याचे श्रमही वाचले. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या लेखकाने कथा लिहिल्या, त्याच्या कथा कशा आहेत, कुठे साधल्या, कुठे फसल्या, हे बोलायचे राहूनच गेले. मोठा शास्त्रज्ञ मराठीत लिहितो ह्याचेच आपल्याला इतके कौतुक, की त्याने काय लिहिले हे तपासणे उद्धटपणाचे वाटत असावे. नारळीकरांना स्वतःला ते उद्धटपणाचे वाटले नसते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही आपली पहिली कथा 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावाने पाठविली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. टोपणनावाची आद्याक्षरे म्हणजे त्यांचीच आद्याक्षरे, उलट्या क्रमाने. नावाला नव्हे, कथेला गुण मिळावेत एवढीच इच्छा. तेव्हा तसेच करू.

निमित्त आणखीही एक आहे. इकडच्या एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात (मंडळाचे नाव राहू द्या) एका वक्त्याने सांगितले की, विश्वाच्या पलीकडे अनंत विश्वे असल्याचे विज्ञानाने आता मान्य केले आहे, आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या 'अनंत कोटी ब्रह्मांडनायक' असा जयजयकार करीत आलो आहोत, आणि हेच नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये दाखवून दिले आहे. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतली तेरा-चौदा वर्षांची आपलीच मुले एकमेकांच्या कानाशी लागून डचमध्ये काहीतरी बोलून हसली. मला त्या टाळ्यांपेक्षा ते हसणे जास्त लागले. ही मुले पदार्थविज्ञान शाळेत डचमधून शिकतात. मराठीतून त्यांच्या कानावर फक्त असले दावे पडणार असतील, तर मराठी ही पुरावा न मागणाऱ्यांची भाषा आहे अशी त्यांची समजूत होईल, आणि तिला नारळीकर साक्षीदार ठरतील! ह्याहून मोठा अन्याय त्यांच्यावर दुसरा होऊ शकत नाही.

'विश्वाच्या कडेपलीकडे काय?' ह्या प्रश्नात खरी गडबड 'कड' ह्या शब्दापाशी आहे. गावाला वेस असते. शेताला बांध असतो, आणि बांधापलीकडे भाऊबंदांचे शेत असते. त्यावरून दोन पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. नेदरलँड्समध्ये तर कड म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. बंधाऱ्यावर उभे राहिले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला त्याहून खाली असलेली जमीन. पण क्षितिज ही निराळी चीज आहे. क्षितिजाला बांध नसतो. तिथे गेलेल्या माणसाला ते सापडत नाही, आणि त्याच्या पलीकडे जे आहे ते अलीकडच्यासारखेच असते. विश्वाला वेस आहे की क्षितिज, हा प्रश्न आधुनिक स्वरूपात जिथे भांडला गेला ते गाव ह्याच देशात आहे, आणि आपल्यापैकी कित्येक जण तिथे टुलिपचे मळे पाहायला जाताना गाडी बदलतात.

१९१६ च्या शरदात आइन्स्टाइन बर्लिनहून लायडनला आले होते. महायुद्ध चालू होते, हॉलंड तटस्थ होता. व्यापक सापेक्षतेचा सिद्धान्त पुरा होऊन जेमतेम वर्ष झाले होते. आता तो सबंध विश्वाला लावायचा तर एक अडचण होती, आणि ती कोणाही इंजिनिअरच्या ओळखीची आहे. समीकरणे कितीही सुंदर असोत, सीमेवर काय घडते हे सांगितल्याशिवाय ती सुटत नाहीत. डॉक्टरेटच्या वर्षांत माझे अर्धे आयुष्य सीमेवरच्या अटी ठरविण्यात गेले. आतले गणित संगणक करतो, भांडण कडेवर असते. विश्वाच्या बाबतीत सीमा म्हणजे अनंत अंतर. तिथे काय लिहायचे? आइन्स्टाइनना त्या वेळी माखचे तत्त्व प्रिय होते. वस्तूचे जडत्व, म्हणजे ढकलले असता वस्तू जो हट्ट करते तो, विश्वातल्या इतर सर्व वस्तूंमुळे येतो, असे हे तत्त्व. ते सांभाळण्यासाठी त्यांनी सुचविले की, आपल्याला दिसणाऱ्या ताऱ्यांच्याही फार पलीकडे काही प्रचंड वस्तुमाने असावीत, आणि त्यांच्यामुळे सीमेवरचा हिशेब जुळत असावा.

लायडनचे खगोलशास्त्रज्ञ विलेम द सिटर ह्यांना हे मुळीच पटले नाही. त्यांचा आक्षेप साधा होता. ही वस्तुमाने दिसत नाहीत. आणि उद्या दुर्बीण मोठी झाली, तरी ती त्याहूनही पलीकडे आहेत असे म्हणावे लागणार. जी गोष्ट नेहमीच नजरेच्या पलीकडे सरकवावी लागते, तिच्यावर स्पष्टीकरण टांगून काय मिळविले? न्यूटनचे निरपेक्ष अवकाश हाकलून त्याच्या जागी दुसरे तसेच काहीतरी आणल्यासारखे झाले. आइन्स्टाइननी आक्षेप मनावर घेतला, आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९१७ मध्ये, प्रश्न सोडविण्याऐवजी तो काढूनच टाकला. सीमेवर काय, हे सांगता येत नाही ना? मग सीमाच नको. त्यांनी असे विश्व मांडले की जे आकाराने मर्यादित आहे पण ज्याला कड नाही, जसे पृथ्वीच्या पृष्ठभागाला क्षेत्रफळ आहे पण शेवट नाही. त्यासाठी समीकरणात एक जादा पद घालावे लागले, ग्रीक लॅम्डाचे. लायडनच्या बूरहाव्ह म्युझियमच्या भिंतीवर ते समीकरण मोठ्या अक्षरांत रंगविलेले आहे, लॅम्डासकट. (लायडनच्या भिंतींवर कविताही आहेत, समीकरण त्यांत विजोड दिसत नाही.)

मर्यादित पण बिनकडेचे, हे मुलांना समजत नाही असे म्हणतात. साफ चूक. जुन्या नोकिया फोनवरच्या सापाच्या खेळाची दुसरी आवृत्ती ज्यांनी खेळली आहे, त्यांना ते अंगठ्याने समजलेले आहे. साप उजवीकडून बाहेर जातो आणि डावीकडून आत येतो. पडदा एवढासा, पण सापापुरता त्याला शेवट नाही. पडद्याच्या पलीकडे काय, हा प्रश्न सापाला विचारताच येत नाही.

आता पडद्याच्या दोन कडा जोडताना मध्ये एक पीळ द्या. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा नेमकी ह्या पिळावर उभी आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटविली की मोबियसची पट्टी होते, आणि तिच्यावरून एक फेरी मारून आलेल्या चित्राचे डावे-उजवे उलटलेले असते. अवकाशालाच असा पीळ देता आला तर त्यातून फिरून आलेला माणूस आरशातला होऊन परतेल, आणि त्याच्याबरोबरच्या गणपतीची डावी सोंड उजवी होईल. कथा म्हणून तिच्यात दोष आहेत. पात्रे एकमेकांना जे सांगतात ते खरे म्हणजे वाचकाला सांगायचे असते, आणि हा दोष नारळीकरांच्या बहुतेक कथांत आहे. पण विज्ञानकथेत क्वचितच साधते ती गोष्ट इथे साधली आहे : भूमितीतली एक अमूर्त कल्पना देवघरातल्या मूर्तीत उतरली. सोंड कुठल्या बाजूला आहे हे मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते, उजव्या सोंडेचा गणपती कडक म्हणून त्याचे सोवळे-ओवळेही ठाऊक असते. तेव्हा 'अवकाशाचे जोडकाम' हा विषय परका राहत नाही. शिवाय ह्या कथेतल्या पलीकडचा पुरावा जागच्या जागी तपासता येतो. फिरून आलेल्याचे हृदय कुठल्या बाजूला आहे ते पाहा! प्रत्यक्षातही शास्त्रज्ञांनी हे तपासले आहे, माणसांवर नव्हे, आकाशावर. विश्व सापाच्या पडद्यासारखे स्वतःत जोडलेले आणि पुरेसे लहान असते, तर विश्वारंभानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळ्या झालेल्या त्या आद्य प्रकाशाच्या नकाशात समान वर्तुळांच्या जोड्या दिसायला हव्या होत्या. शोध घेतला, सापडल्या नाहीत. म्हणजे जोड असलाच तर आपल्या क्षितिजाहून मोठ्या मापाचा.

द सिटर तेवढ्यावर थांबले नव्हते. त्याच १९१७ साली त्यांनी आइन्स्टाइनच्या नव्या समीकरणाचे दुसरेच उत्तर काढून दाखविले, ज्यात द्रव्य अजिबात नाही. आइन्स्टाइन अस्वस्थ झाले : द्रव्य नाही तर जडत्व कुठून येणार? शिवाय ह्या विश्वात एका विशिष्ट अंतरावर काहीतरी विपरीत घडताना दिसत होते, जणू तिथे एक भिंतच आहे. तिथे द्रव्य दडलेले असणार, असा आइन्स्टाइनचा कयास होता. १९१८ मध्ये गणिती फेलिक्स क्लाइन ह्यांनी दाखविले की भिंतबिंत काही नाही. मोजमापाची चौकट बदलली की ती नाहीशी होते. वेस समजून ज्याचा बाऊ केला ते क्षितिज निघाले.

'कृष्णविवर' ह्या कथेचा विषय ह्या क्षितिजाचाच धाकटा भाऊ आहे. कृष्णविवरालाही क्षितिज असते. ओलांडणाऱ्याला तिथे पाटी लागत नाही, पण बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्या पलीकडचे कधीच कळत नाही. नारळीकरांची कथा क्षितिजाजवळ मंदावणाऱ्या काळावर भर देते, पलीकडे डोकावत नाही. पहिल्याच प्रयत्नातला हा संयम मला फार आवडतो. दुसऱ्या लेखकाने आत उडी मारून तिथे राक्षस नाहीतर राजकन्या बसविली असती.

आज आपल्या क्षितिजाचे माप आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. एवढ्या काळात ज्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला, ती ठिकाणे मधल्या प्रसरणामुळे आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत दूर गेली आहेत. ही आपली दृष्टीची हद्द, विश्वाची नव्हे. तिच्या पलीकडे अलीकडच्यासारख्याच दीर्घिका असाव्यात असे मानायला चांगला आधार आहे : हद्दीच्या अलीकडे, कुठल्याही दिशेला पाहिले तरी, मोठ्या मापावर सारे सारखेच दिसते, आणि हद्दीपाशी ते एकाएकी बदलल्याचे चिन्ह नाही. त्या कितीपर्यंत आहेत, अनंत की मर्यादित, हे त्या मोजमापातून निघत नाही. १९९८ साली प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे कळले आणि लॅम्डा पुन्हा दाराशी आला. त्यामुळे दुसरे एक क्षितिजही आहे : आज सुमारे १६०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आत्ता निघालेला प्रकाश आपल्याला कधीच गाठणार नाही. हा वेग असाच राहिला तर दूरच्या दीर्घिका एकेक करून नजरेआड होतील, आणि उरेल ते जवळजवळ द सिटर ह्यांचे रिकामे विश्व. ही वाढ खरोखर लॅम्डाची की आणखी कशाची, हे मोजायला युरोपने जुलै २०२३ मध्ये युक्लिड ही दुर्बीण पाठविली. तिचा प्रकल्प नोर्डवाइकच्या केंद्रातून हाताळला गेला. लायडनपासून सायकलीच्या अंतरावर.

आता पानिपत. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर अशा जगात जागे होतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना लागायची गोळी चाटून गेली आणि मराठे जिंकले. कथा म्हणून ही नारळीकरांची सर्वांत सरस कथा, ह्यात मला शंका नाही. ती इच्छापूर्तीची कथा होऊ शकली असती, आणि मराठी वाचकाने ती डोक्यावर घेतलीच असती. नारळीकर तसे करीत नाहीत. जिंकलेल्या जगात गंगाधरपंतांना जागा नाही. आझाद मैदानावर अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते जाऊन बसतात, बोलू लागतात, आणि श्रोते त्यांच्यावर हाताला येईल ते फेकतात, कारण त्या जगाला अध्यक्षीय भाषणांचा वीट आलेला आहे! पानिपत जिंकलेल्या महाराष्ट्राची ह्याहून चांगली खूण कोणाला सुचली असेल असे वाटत नाही. हव्या त्या देशात पोचूनही आपली खुर्ची तिथे नसणे, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

परंतु 'पलीकडे काय' ह्या प्रश्नावर हीच कथा सर्वांत कच्ची आहे. गंगाधरपंतांचे ते जग कुठल्याही क्षितिजापलीकडे नाही. ते पुंजवादाच्या एका अन्वयार्थातून आलेले आहे. ह्यू एव्हरेट ह्यांनी १९५७ साली मांडले की, सूक्ष्म कणाला दोन शक्यता असतील तेव्हा दोन्ही घडतात आणि जगाला फांद्या फुटतात. ह्या जगाचे अंतर प्रकाशवर्षांत मोजता येत नाही. क्षितिजापलीकडच्या दीर्घिका आणि फांद्यांवरची जगे ह्या दोन वेगळ्या कल्पना आहेत, त्यांच्या बाजूचे पुरावेही वेगळे आहेत, आणि आपले वक्ते दोन्हींची भेळ करतात. ब्रह्मांडनायकाच्या जयजयकारात तर तिसरीच गोष्ट आहे, भक्ती. तिला प्रकाशवर्षांची गरज नाही आणि पदार्थविज्ञानाच्या प्रमाणपत्राचीही नाही.

कथेतला शेवटचा पुरावा म्हणजे गंगाधरपंतांच्या खिशात राहिलेले त्या जगातल्या बखरीचे फाटके पान. वाचताना अंगावर काटा येतो. पण एव्हरेटच्याच गणिताप्रमाणे, एकदा फांद्या वेगळ्या झाल्या की एकीवरचे पान दुसरीवर येत नाही. नारळीकरांना हे माहीत नसणे शक्य नाही. मग त्यांनी ते पान का ठेवले? माझा तर्क असा की त्यांच्यातल्या शास्त्रज्ञाला पुराव्यावाचून कथा संपविणे जमेना. पलीकडे जाऊन आलो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी हवेच. म्हणजे ज्या पानामुळे कथा पदार्थविज्ञानाशी प्रामाणिक राहत नाही, तेच पान लेखकाची वृत्ती दाखविते. तिचा आधार घेऊन 'विज्ञानाने मान्य केले' म्हणणाऱ्याने निदान एवढे लक्षात घ्यावे की, कथेतले पात्रसुद्धा पुरावा दाखविल्याशिवाय बोलत नाही.

हीच फूटपट्टी नारळीकरांच्या विज्ञानाला लावायला हवी, नाहीतर आपणही श्रद्धांजलीच लिहीत बसू. फ्रेड हॉइल ह्यांच्याबरोबर १९६४ साली त्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त माखच्या तत्त्वावर उभा आहे. म्हणजे लायडनला आइन्स्टाइनना ज्याने छळले तोच प्रश्न. स्थिर-स्थिती विश्वाची भूमिती तर साक्षात द सिटर ह्यांची. त्या विश्वाला आरंभ नाही, काळाच्या दिशेनेही वेस नाही. मोहक कल्पना. पण १९६५ मध्ये आद्य प्रकाशाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर ह्यांनी सुधारित रूप मांडले. त्यात तो प्रकाश समजावण्यासाठी दीर्घिकांमधल्या पोकळीत लोखंडाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांची धूळ लागते. पुढे १९९८ च्या निरीक्षणांचा खुलासाही त्याच धुळीने केला गेला. द सिटर असते तर त्यांनी भुवया उंचावल्या असत्या : प्रत्येक अडचणीला पलीकडचे तेच औषध? माझ्या मते इथे नारळीकर हरले, आणि हे मराठीत लिहायला हरकत नसावी.

मात्र त्यांनी आपल्या हरण्याच्या जागा स्वतःच दाखवून ठेवल्या होत्या. आमचे विश्व खरे असेल तर मागच्या आवर्तनातले अतिवृद्ध तारे सापडतील, फार अंधूक अशा काही दीर्घिका दूर जाण्याऐवजी जवळ येताना दिसतील, असे ते सांगत. तसे काही मिळालेले नाही. आइन्स्टाइनच्या त्या अदृश्य वस्तुमानांना अशी परीक्षा नव्हती. अनंत ब्रह्मांडांच्या आजच्या बऱ्याच चर्चेलाही नाही. काहींना आहे. शेजारचे विश्व आपल्यावर आदळले असेल तर आद्य प्रकाशात गोल डाग दिसावेत, अशी एक परीक्षा आहे. ते शोधले गेले, खात्रीचा एकही मिळाला नाही.

तेव्हा घरातल्या मुलांना ह्या कथा द्याव्यात का? जरूर, आणि मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवाव्यात. फक्त क्रम बदलावा. पानिपत आधी नको. त्याआधी मुलाला पानिपत समजावून सांगावे लागते, आणि बापाचा आवाज चढत जाऊन पदार्थविज्ञान राहून जाते. आधी गणपती. वाचण्यापूर्वी कागदाची एक लांब पट्टी, डिंक आणि एक पेन्सिल जवळ ठेवावी. पट्टीला अर्धा पीळ देऊन चिकटवावी आणि मुलाला तिच्या कडेवरून बोट फिरवायला सांगावे. दोन कडा होत्या त्यांची एकच झालेली असते, हे त्याला बोटानेच कळते. ती एक कडही नको असेल तर दोन मोबियस पट्ट्या कडेला कड लावून जोडाव्या लागतात. त्यातून जे होते त्याला क्लाइनची बाटली म्हणतात, त्याच फेलिक्स क्लाइनच्या नावाने, आणि ती स्वतःला न छेदता आपल्या तीन मितींत बसत नाही.